युरोपातील संघर्ष आणि एकीकरण मुलांना कसे शिकवावे: सुरुवात अल्सासपासून करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीतील एका मराठी मंडळाच्या युवागटात चौदा ते सतरा वर्षांची मुले आहेत; त्यांच्यासमोर युरोपातील युद्धे आणि त्यानंतरचे एकीकरण हा विषय काही सत्रांत मांडायचा आहे. शाळेत त्यांना सनावळ्या आणि करारांची नावे मिळतात, पण ‘यात आमचे काय?’ हा त्यांचा प्रश्न तसाच राहतो. शेवटी त्यांना घेऊन स्ट्रासबुर्गची सहल करायची आहे. ऱ्हाईनच्या दोन्ही काठांवरच्या माध्यमिक शाळांतून हाच विषय बरीच वर्षे शिकवत आलो असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हा विषय सामान्यतः ज्या क्रमाने सांगितला जातो, त्यातच मला मोठी अडचण दिसते. दोन महायुद्धे झाली, कोट्यवधी माणसे मेली, मग सगळ्यांना शहाणपण सुचले, फ्रान्स आणि जर्मनीने हातात हात घेतले आणि त्यातून युरोपीय संघ जन्माला आला, अशी ही कथा आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोटी वाटते आणि त्याचे वाटणे बरोबर असते, कारण घटनांचा खरा क्रम जवळजवळ उलटा आहे. करार आधी झाले आणि मने नंतर, तीही अर्धवटच, जुळली. एकमेकांना मुळीच माफ न केलेल्या लोकांनी एकत्र बांधून घेण्याची व्यवस्था का आणि कशी उभी केली, हा प्रश्न मुलांसमोर ठेवला की विषयात जीव येतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणून मी फेब्रुवारी १९५३ हा एकच महिना वर्गात घेतो. १० फेब्रुवारीला सहा देशांची कोळशाची सामाईक बाजारपेठ सुरू झाली. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यात कोळशावरची जकात संपली. त्याच आठवड्यात, १३ फेब्रुवारीला, बोर्दो येथील लष्करी न्यायालयाने ओरादूर-सुर-ग्लान या गावातील हत्याकांडाचा निकाल दिला. १० जून १९४४ रोजी वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या सशस्त्र एसएस दलाच्या, तुकडीने या गावातील ६४० हून अधिक माणसे मारली होती. पुरुषांना कोठारांत गोळ्या घातल्या आणि बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून जाळले. आरोपींच्या पिंजऱ्यात २१ जण होते, त्यांतले १४ ऱ्हाईनकाठच्या अल्सास या सीमाप्रांतातले, म्हणजे निकालाच्या दिवशी फ्रेंच नागरिक असलेले, आणि त्यांतील एक वगळता बाकीचे जर्मन सैन्यात सक्तीने भरती केलेले. त्यांना शिक्षा झाली म्हणून अल्सास पेटला. काही दिवसांतच फ्रेंच संसदेने सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली म्हणून ओरादूरचा लिमुझँ प्रदेश पेटला. या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना एवढेच विचारा की ज्या देशाला स्वतःच्याच दोन प्रांतांत समेट घडवता येत नव्हता, त्याने त्याच आठवड्यात जर्मनीशी कोळशाची बाजारपेठ कशी काय जोडली. पुढची सगळी सत्रे या एका प्रश्नावर उभी राहू शकतात.

त्यासाठी अल्सासच का, हे आता सांगायला हवे. १८६९ मध्ये अल्सासच्या मुख्य शहरात, स्ट्रासबुर्गमध्ये, जन्मलेली आणि १९४६ मध्ये तिथेच वारलेली व्यक्ती घर न सोडता चार वेळा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली: १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात, १९१८ मध्ये फ्रान्समध्ये, १९४० मध्ये हिटलरच्या जर्मनीत आणि युद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्समध्ये. (एखाद्या पालकाला इथे बेळगाव आठवेलच. ती तुलना चर्चेत येऊ द्यावी, पण तिची मर्यादाही लगेच सांगावी. तिथे राज्य बदलले, सैन्य आणि नागरिकत्व बदलले नाही.)

पहिल्या सत्रासाठी मी १९१८–१९ ची ओळखपत्रे वापरतो. फ्रेंच प्रशासनाने परत मिळालेल्या प्रांतातील रहिवाशांची चार वर्गांत विभागणी केली. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा १८७१ पूर्वीचे फ्रेंच, त्यांना ‘अ’ पत्र. आईवडिलांपैकी एक परका असेल तर ‘ब’. दोस्त किंवा तटस्थ राष्ट्रांतून आलेल्यांना ‘क’. आणि जर्मन किंवा ऑस्ट्रियन वंशाच्यांना, त्यांचा जन्म अल्सासमध्ये झाला असला तरी, ‘ड’. ‘ड’ पत्र असणाऱ्याला मार्क देऊन फ्रँक घेताना कमी दर मिळे, प्रवासावर बंधने येत, आणि हजारो जणांना थोडेसे सामान घेऊन ऱ्हाईनपलीकडे जावे लागले. मुलांना एक काल्पनिक कुटुंब द्या: वडील जुन्या स्ट्रासबुर्गी घराण्यातले, आई पलीकडच्या बाडेनमधून लग्न होऊन आलेली, तीन मुले, आणि रेल्वेत कारकून असलेला मामा. प्रत्येकाला कोणते पत्र मिळेल हे त्यांनाच ठरवू द्या. वडिलांना ‘अ’, आईला ‘ड’, मुलांना ‘ब’, आणि मामाला बहुधा नदीपार. एका जेवणाच्या टेबलावर तीन प्रतींचे नागरिक बसलेले पाहिले की वंश आणि राष्ट्र यांवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. आपल्या गटातील मुले तर या बाबतीत इतरांपेक्षा जाणती असतात, कारण आईकडे भारतीय पासपोर्ट, धाकट्याकडे जर्मन आणि थोरल्याकडे ओसीआय कार्ड अशी घरे त्यांनी पाहिलेली असतात. या विषयात आपले काय, याचे पहिले उत्तर त्यांना इथेच सापडते.

मात्र फ्रान्सची ही बाजू दाखवून थांबू नये. १९४० नंतर नाझी प्रशासनाने फ्रेंच बोलण्यावर बंदी घातली, माणसांची आणि रस्त्यांची नावे जर्मन केली, डोक्यावर फ्रेंच धाटणीची बेरे टोपी घालणेही गुन्हा ठरवले, आणि २५ ऑगस्ट १९४२ च्या आदेशाने अल्सासच्या तरुणांची जर्मन सैन्यात भरती सक्तीची केली. शेजारच्या मोझेलसह सुमारे १,३०,००० जण असे ओढले गेले, बहुतेकांना पूर्व आघाडीवर धाडले गेले आणि तीस हजारांहून अधिक परतले नाहीत. भरती टाळून पळालेल्यांच्या कुटुंबांना हद्दपारी भोगावी लागली. युद्धानंतर फ्रान्स परत आला तो शाळांमधून अल्सासची बोली हद्दपार करण्याच्या निर्धारानेच. नाझी राजवट आणि फ्रेंच प्रजासत्ताक यांना एका मापाने मोजण्याचा इथे प्रश्न नाही, आणि वर्गात हा फरक ठामपणे सांगावा लागतो. पण सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडून निष्ठेचा पुरावा मागितला गेला, ही गोष्ट त्या फरकामुळे नाहीशी होत नाही.

येथून रॉबेर शूमान या १९५० मधील फ्रेंच परराष्ट्रमंत्र्याकडे जाणे सोपे जाते. त्याचे वडील अल्सासशेजारच्या लोरेनचे, जन्म १८८६ मध्ये लक्झेंबर्गचा, शिक्षण जर्मन विद्यापीठांत, आणि फ्रेंच नागरिकत्व पहिल्या महायुद्धानंतर. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी ऑस्ट्रियन साम्राज्यातील त्रेंतीनोचे, व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आदेनावर ऱ्हाईनकाठचे. युरोपच्या एकीकरणाची सुरुवात करणारे हे तिन्ही नेते आपापल्या देशाच्या कडेला वाढलेले होते आणि आपसांत जर्मन बोलू शकत होते. शाळेच्या पुस्तकात या तिघांची छायाचित्रे असतात, पण हा तपशील क्वचितच असतो.

फ्रान्स आणि जर्मनीचे कोळसा-पोलाद उत्पादन एका सामाईक संस्थेखाली आणावे असे सुचवणारे ९ मे १९५० चे शूमान यांचे निवेदन दीड-दोन पानांचे आहे. ते मुलांकडून पूर्ण वाचून घ्यावे. त्याचा मसुदा फ्रान्सच्या नियोजन विभागाचे प्रमुख झां मोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला होता आणि त्यात भावनेपेक्षा हिशेब अधिक आहे. लोरेनमध्ये लोहखनिज, जर्मनीच्या रूर खोऱ्यात कोक (पोलाद भट्टीचे इंधन) करण्याजोगा कोळसा. पोलादाला दोन्ही लागतात आणि तोफांना पोलाद लागते. १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रूर लष्कर घालून ताब्यात घेऊन पाहिला; त्यातून जर्मनीचे चलन कोसळायला हातभार लागला आणि सूडाची भावना वाढली. १९५० मध्ये अमेरिकेला पश्चिम जर्मनी पुन्हा उभी राहायला हवी होती, रूरवरचे आंतरराष्ट्रीय नियंत्रण फार काळ टिकणार नव्हते, आणि फ्रेंच पोलाद कारखान्यांना जर्मन कोक स्वस्तात हवा होता. तेव्हा जर्मनीवर देखरेख ठेवण्यापेक्षा दोघांवर सारखीच देखरेख ठेवणारी वरची संस्था काढणे फ्रान्सच्या सोयीचे ठरले. जर्मनीला त्या बदल्यात बरोबरीचा दर्जा मिळाला. सहा देशांचा कोळसा-पोलाद समुदाय स्थापन करणारा १८ एप्रिल १९५१ चा पॅरिस करार हा असा सौदा होता. शांततेचा हेतू त्यात नव्हता असे मुळीच नाही. पण तो हेतू टिकला, कारण त्याला स्वार्थाची जोड होती.

या भागासाठी वाटाघाटींचा खेळ फार उपयोगी पडतो आणि त्याला दीड तास तरी द्यावा. सहा गट करा आणि प्रत्येकाला फक्त त्याचीच चिठ्ठी द्या. बेल्जियमचा कोळसा महाग आहे, बाजारपेठ खुली झाली तर खाणी बंद पडतील, म्हणून त्याला इतरांकडून काही वर्षे भरपाई हवी आहे. इटलीकडे कोळसा नाही पण बेकार माणसे आहेत. त्याला मजुरांसाठी दारे उघडून हवी आहेत. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गला मोठ्या शेजाऱ्यांचे वर्चस्व नको, म्हणून मंत्र्यांची परिषद हवी. सामील न झालेल्या ब्रिटनची खुर्ची रिकामी ठेवा. मुले दहा मिनिटांत भांडायला लागतात आणि तासाभरात स्वतःहून वरची संस्था, मंत्रिपरिषद आणि न्यायालय यांच्यासारखे काहीतरी शोधून काढतात. आजच्या ब्रुसेल्सच्या संस्थांची आकृती फळ्यावर काढून पाठ करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरे. खेळ संपल्यावर बेल्जियममधील मार्सिनेलच्या खाणीची हकिगत सांगावी: ८ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे आग लागून २६२ कामगार मेले, त्यांपैकी १३६ इटालियन होते. इटलीच्या चिठ्ठीवरच्या ‘बेकार माणसे’ या दोन शब्दांमागे कोण होते, हे त्यांना तेव्हा कळते.

घडले ते सरळ रेषेत घडले नाही, हेही याच सत्रात उरकता येते. सामाईक युरोपीय सैन्याचा करार फ्रान्सनेच सुचवला आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो निकालात काढला. युद्धानंतर फ्रान्सच्या अमलाखाली असलेल्या जर्मनभाषक झारलँडला ‘युरोपीय’ प्रदेश करण्याची योजना १९५५ च्या सार्वमतात तिथल्या दोन तृतीयांश मतदारांनी फेटाळली. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, वेर्दूनजवळच्या दुओमाँ येथे, हातात हात घालून उभे राहिले ते २२ सप्टेंबर १९८४ रोजी, म्हणजे पॅरिस करारानंतर तेहेतीस वर्षांनी. ते छायाचित्र सुरुवातीला दाखवू नका, इथे दाखवा. पॅरिस करार आणि हे छायाचित्र यांच्या मध्ये १९६३ चा फ्रान्स-जर्मनी मैत्रीचा एलिझे करार आणि त्याच वर्षी स्थापन झालेले फ्रँको-जर्मन युवा कार्यालय आहे, ज्याच्या माध्यमातून नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशांत राहून आले. नेत्यांच्या हस्तांदोलनापेक्षा या परस्परांच्या घरी काढलेल्या पंधरवड्यांना मी जास्त श्रेय देतो, अर्थात हे माझे मत आहे.

आता ज्या बाबी सहसा गाळल्या जातात त्यांच्याविषयी. ८ मे १९४५ रोजी युरोपात विजयदिन साजरा होत असताना फ्रेंच अंमलाखालच्या अल्जीरियात सेतिफ येथे स्वातंत्र्य मागणाऱ्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, काही युरोपीय वसाहतवाल्यांची हत्या झाली आणि नंतरच्या दडपशाहीत हजारो अल्जीरियन मारले गेले. शूमान यांच्या निवेदनात आफ्रिका खंडाचा विकास हे युरोपच्या अत्यावश्यक कार्यांपैकी एक म्हणून नोंदले आहे, आणि युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोम कराराने अल्जीरियाचा समावेश नावानिशी केला होता. ‘युरोपात १९४५ पासून शांतता आहे’ या वाक्यातला ‘युरोप’ नेमका कुठे संपतो, हा प्रश्न भारतीय घरातील मुलांना विचारावा लागत नाही; तीच विचारतात. त्यांना गप्प करू नये आणि हे सगळे थोतांड आहे असेही म्हणू देऊ नये.

आपल्या मुलांचा दुसरा धागा युद्धाचाच आहे. माणगाव परिसरातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि मोंतोने येथे आज त्यांचे स्मारक आहे. त्याच जुलै महिन्यात फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, बोर्दोच्या बाजूला, भारतीय सैनिकांची दुसरी एक तुकडी जर्मन गणवेशात तैनात होती. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या युद्धकैद्यांतून सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नाने उभी राहिलेली ही सेना ऑगस्ट १९४४ मध्ये वाफेन-एसएसच्या अधिकाराखाली गेली. हा भाग भावनेचा आहे आणि घरोघरी नेताजींचे छायाचित्र असते, म्हणून पालकांना आधी कल्पना द्यावी. वीर कोण आणि फितूर कोण याचा निवाडा मुलांकडून करवून घेऊ नये. त्या सैनिकांपुढे कोणते पर्याय होते, आणि त्यांतले त्यांना कितपत ठाऊक होते, एवढेच शोधायला लावावे. अल्सासच्या भरतीविषयी जे प्रश्न त्यांनी आधी विचारले असतील, तेच इथे परत विचारता येतात.

पूर्व युरोपासाठी कोल्हापूरहून निघावे. २३ ऑगस्ट १९३९ च्या हिटलर-स्टालिन करारानंतर पोलंड दोघांनी वाटून घेतला, सोव्हिएत बाजूने लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हलवले, आणि १९४१ नंतर सुटका झालेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांश बायका आणि मुले, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. त्यांच्यातील पुष्कळांना परत जायला घर उरले नव्हते, कारण त्यांची गावे युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली. पोलिश किंवा लिथुएनियन वर्गमित्राला १९४५ हे साल मुक्तीचे का वाटत नाही आणि २००४ मध्ये युरोपीय संघात येणे त्याच्या आजीला का महत्त्वाचे वाटले, हे वळिवडेच्या वाटेने चटकन समजते.

बोस्नियावर मी थोडाच वेळ देतो, पण तो गाळत नाही. १९९२–९५ च्या युद्धानंतर तिथे ‘एका छताखाली दोन शाळा’ ही व्यवस्था आली: इमारत एक, पण क्रोएट आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) मुलांचे वर्ग, अभ्यासक्रम आणि काही ठिकाणी प्रवेशद्वारेही वेगळी. यायत्से गावच्या विद्यार्थ्यांनी २०१६–१७ मध्ये अशी आणखी एक वेगळी शाळा काढण्याविरुद्ध एकत्र आंदोलन केले आणि ती योजना थांबली. आपल्या मुलांच्याच वयाची ही मुले आहेत, त्यामुळे त्यांची हकिगत ती कान देऊन ऐकतात.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल जर्मनीतच तयार झालेली एक चौकट उपयोगी आहे. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी झालेल्या परिषदेतून तीन तत्त्वे पुढे आली: विद्यार्थ्याला भारावून टाकून मत लादू नये, अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच यावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हित ओळखून परिस्थिती तपासता यावी. यातले पहिले तत्त्व चांगल्या हेतूच्या शिक्षकाकडूनच जास्त मोडले जाते. प्रेतांच्या छायाचित्रांनी वर्ग सुन्न होतो, पण सुन्न झालेला वर्ग प्रश्न विचारत नाही. तसेच छळछावणीतील कैदी किंवा पहारेकरी यांच्या भूमिका मुलांना कधीही करायला देऊ नयेत. कोळशाच्या वाटाघाटी खेळता येतात, हे खेळता येत नाही.

२००६ पासून फ्रेंच आणि जर्मन अभ्यासकांनी मिळून लिहिलेले, दोन्ही भाषांत एकाच मजकुराचे पाठ्यपुस्तक तीन भागांत निघाले. त्याची कल्पना २००३ मध्ये दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांच्या युवा संसदेत मांडली गेली होती. लेखकांचे मतभेद अपेक्षेच्या उलट महायुद्धांवर कमी आणि १९४५ नंतरच्या अमेरिकेच्या भूमिकेवर जास्त झाले, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. ग्रंथालयात मिळाले तर त्यातले एखादे प्रकरण जर्मन शालेय पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे.

सहलीबद्दल. जर्मनीच्या बाजूने सीमेवरच्या केल गावापर्यंत रेल्वेने येऊन पुढे ट्रामने पूल ओलांडावा. ही ट्राम २०१७ पासून ऱ्हाईनपार जाते आणि मुलांना सीमा कधी गेली ते कळतही नाही, जे त्यांना नंतर विचारता येते. प्लास द ला रेप्युब्लिक या चौकातील १९३६ चे युद्धस्मारक अर्धा तास देऊन पाहावे: एक आई, तिच्याजवळ मरणाऱ्या दोन मुलांचे उघडे देह, अंगावर कोणताही गणवेश नाही, आणि खाली फक्त ‘आमच्या मृतांना’. बाकी फ्रान्सभर स्मारकांवर ‘फ्रान्ससाठी’ असे लिहिलेले असते; इथे ते का नाही, हे पहिल्या सत्राला हजर असलेली मुले न सांगता ओळखतात. युरोपीय संसदेची भेट विनामूल्य असते, पण स्ट्रासबुर्गमध्ये संसद महिन्यातून साधारण एकच आठवडा भरते, म्हणून तारखा आधी पाहून नोंदणी करावी. २०२४ पासून जर्मनीत या संसदेसाठी सोळाव्या वर्षी मतदान करता येते, तेव्हा आपल्या गटातील ज्यांच्याकडे युरोपीय नागरिकत्व आहे ती काही मुले मतदार असतील आणि शेजारी बसलेली काही नसतील. या फरकावर परतीच्या गाडीत चर्चा होतेच.

स्ट्रासबुर्गपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर नात्सवायलर-स्ट्रुटहोफ ही पूर्वीची नाझी छळछावणी आहे. तिथे जायचे असल्यास चौदा वर्षांखालील भावंडांना नेऊ नये आणि आदल्या दिवशी तासभर पूर्वतयारी करावी. बहुतेक सहल कंपन्या सकाळी छावणी आणि दुपारी संसद असा कार्यक्रम देतात, कारण बस एका दिवसात दोन्हीकडे नेता येते. तो नाकारावा. छावणीला स्वतंत्र दिवस द्यावा आणि त्या दिवशी दुपारी मुलांना काहीच दाखवू नये, कारण त्या जोडणीतून अंधार आणि लगेच उजेड अशी जी गोष्ट आपोआप तयार होते, तीच खोडून काढण्यात आपली आधीची सगळी सत्रे गेलेली असतात.